चार नंबरची पट्टी

रविवार, २ नोव्हेंबर

आधी पूर्वा आली. साडेनऊलाच. केस ओले, चपला हातात — जिना मी नुकताच पुसला होता म्हणून. पोर समजदार आहे. दहा मिनिटांनी अंकुर, आणि अंकुरच्याही आधी त्याचा खोका! एवढा मोठा की दारातून आधी खोका आत आला, मग त्याचे पाय दिसले. खोका जिन्यात दिसल्याबरोबर समोरची आनंदीबाई हजर. हातात वाटी. साखर पाहिजे म्हणे. तिच्या बाबूरावांना शुगर आहे, साखर कुणाला पाहिजे होती पता नाही.

अंकुर माझ्या शामचा. पूर्वा माझ्या देवेंद्रची. दोघं एकाच दिवशी, एकाच वेळी, माझ्या घरात — तीन वर्षांनी! मी तर पोह्यांत दोनदा मीठ घातलं. दोघांनी खाल्ले, एक शब्द बोलले नाहीत. अंकुर नुसतं वरून लिंबू पिळत राहिला.

तर कंप्यूटर बनवणार आहेत. तयार नाही आणायचा, बनवायचा! एकेक भाग आणायचा नि डब्यात बसवायचा. पूर्वाला कार्टूनची फिल्म करायचीये — एक कावळा पापड चोरतो, अशी. चित्रांच्या मोठ्या कॉलेजात पाठवायचीये, तीस तारखेच्या आत, तरच तिचं नाव पुढे जाणार. तिच्या लॅपटॉपवर ती फिल्म अडकते. कावळा उडतच नाही, हवेत लटकून राहतो. अंकुर तिकडे सिमरोलला इंजिनिअरिंग शिकतो, त्याला यातलं सगळं येतं. पण बनवायचा कुठे? हा काकाच्या घरी जाऊ शकत नाही, ती मोठ्या काकांच्या घरी जाऊ शकत नाही. म्हणून आजीचं घर! देवघराच्या खोलीत ठेवा म्हटलं, तिथे धूळ नाही.

हे सगळं कशावरून तर एका पत्रिकेवरून. शामच्या सुरभीचं लग्न होतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून देवेंद्रचं नाव छापलं, त्याच्या बायकोचं, मंजुषाचं, राहून गेलं. बस्स. शाम म्हणाला, छापणाऱ्याची चूक. देवेंद्र म्हणाला, वाचून घेणाऱ्याची चूक. लग्नात शेवटच्या रांगेत बसला आणि न जेवता गेला. तेव्हापासून चंपाषष्ठीला माझ्या घरी खंडोबाची तळी दोनदा उचलतात. सकाळी शाम, संध्याकाळी देवेंद्र. देव एकच, ताट एकच, भंडारा एकच! भरताची वांगी मी दोनदा भाजते. देवही कंटाळला असेल. ह्यांच्या वेळी पाचजण मिळून ताट उचलायचे, येळकोट पार चौकापर्यंत ऐकू जायचा.

यंदा चंपाषष्ठी सव्वीसला आहे. माझं एकच मागणं — एकदा एकच तळी. दोघांचे हात एका ताटाखाली बघायचेत. बाकी काही नको.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पूर्वाचा फोन. "आजी, त्या बोर्डावर लुगडं-बिगडं नको टाकू, कपड्यात करंट असतो." मी कुठे टाकलं! फक्त झाकलं होतं. थंडी किती पडलीये. मदरबोर्ड म्हणतात त्याला, बाकी सगळं त्याच्यावर बसतं. मदर म्हणजे आईच ना? म्हणून पाटावर ठेवलंय. जमिनीवर बरं दिसत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मेमरी बसवायची होती. रॅम म्हणतात. एवढीशी पट्टी, कंगव्यासारखी, खाली सोनेरी दात. अंकुरनं समजावलं — कंप्यूटर ज्या ज्या वस्तूंवर काम करत असतो, त्या तेवढ्या वेळापुरत्या या पट्टीवर मांडतो. जागा कमी पडली की अडकतो. म्हटलं, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा! ओटा लहान असला की परातीवर परात चढते आणि पोळी करपते. अंकुर म्हणाला, "आजी, आमचे सर असं सांगते ना, तर मी पास झालो असतो." चौथी शिकलेली मी!

दोन पट्ट्या लागतात. एक शामनं घ्यायची, एक देवेंद्रनं. कुणाचं मिंधेपण नको, ही दोन्ही बापांची अट. शामनं अंकुरनं सांगितली तीच आणली, चार नंबरची. पूर्वानंही बापाला चार नंबरचीच सांगितली होती. पण देवेंद्र म्हणाला, "शामचा पोरगा सांगतो म्हणून माझ्या पोरीला जुनी घेऊ? पाच निघालीये आता, पाच घेऊ." आणि जेल रोडच्या दुकानातून पाच नंबरची घेऊन आला. चांगली चमचम डब्यात.

बसेना! पूर्वा अंगठ्यानं दाबायला लागली. अंकुर केवढ्यांदा ओरडला — "अरे यार, जोर नको लावू! खाच बघ ना, खाच!"

मी चष्मा लावून बघितलं. पट्टीला खाली एक खाच असते, बोर्डावर तिथेच एक उंचवटा. शामच्या पट्टीची खाच बरोब्बर उंचवट्यावर आली. देवेंद्रच्या पट्टीची तांदळाच्या दाण्याएवढी बाजूला. तेवढ्यानं अडलं. मुद्दामच असं करतात म्हणे, चुकीची कुणी घुसवू नये म्हणून. बोर्डाची एक यादी पण असते, कुठली पट्टी चालेल त्याची. अंकुर म्हणाला, नंबर एक पाहिजे, वेग एक पाहिजे, जमलं तर एकाच पाकिटातली जोडी पाहिजे. मी म्हटलं, आमच्यात देवक बघतात तसंच, फक्त उलटं. आमच्यात देवक एक निघालं तर सोयरीक मोडते, इथे एक निघालं तरच जुळते! वेग वेगळा असला तर काय होतं, ते पण विचारलं. "पळणारी पण हळूबरोबर हळू चालते." पूर्वा म्हणाली, "म्हणजे आपण आजीबरोबर भाजी आणायला जातो तसं." फाजील.

"एकीवर चालव ना मग दादा," ती म्हणाली.

"चालेल. पण तुझा कावळा परत लटकेल."

मग फोन सुरू. देवेंद्र म्हणाला, "बोर्डच बदला. जमाना पाचचा आहे." शाम म्हणाला, "आई, तीस वर्षं पोलोग्राउंडच्या कारखान्यात मशिनी बघून राहिलोय मी. मशिनीप्रमाणे पार्ट घेतात, पार्टप्रमाणे मशीन नाही घेत. सांग त्याला." मी तूच सांग म्हटल्यावर फोन ठेवला.

काम अडलं. पोरं तोंड पाडून बसली. मी पण पाडलं. पण खरं सांगू — म्हणजे पुढच्या रविवारी परत येणार! गाजर हलवा करायचा ठरवला आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक काम केलं. लिहू की नको… लिहिते. इथे कोण वाचतंय.

शामला फोन केला. म्हटलं, देवेंद्र आला होता, म्हणत होता की दादाला मशिनीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, लहानपणापासून. शामनं तिकडे टीव्ही बारीक केला. मग म्हणाला, "तो म्हणाला असं?" मी म्हटलं, हो ना.

मग देवेंद्रला केला. म्हटलं, शाम म्हणत होता की देवेंद्रनं पोरीसाठी सगळ्यात महागाची आणली, मन मोठं आहे त्याचं. ह्यानं पण टीव्ही बारीक केला. मग म्हणाला, "दादा म्हणाला? माझ्याबद्दल?"

दोघांतलं एकही वाक्य खरं नाही. देवापुढे दिवा लावताना आज वर बघितलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

हसू की रडू!

अंकुर आला, पिशवीतून डबी काढली. "पप्पांनी बदलून आणली, आजी! स्वतः! म्हणे, देवेंद्र एवढं चांगलं बोलला तर मी एक पट्टी नाही बदलू शकत? पाच नंबरची आणली. आता बोर्ड पण बदलून घे म्हणाले, काकाच्या मनासारखं."

पूर्वानं तिची डबी काढली. तिच्यात चार नंबरची.

देवेंद्रनं पण बदलून आणली होती!! आधी याची चार त्याची पाच, आता याची पाच त्याची चार. दोघं भाऊ एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, दोन दुकानांत गेले, आणि एकानं दुसऱ्याला एक फोन केला नाही.

"आजी," अंकुर म्हणाला, "तू कुणाशी काही बोललीस का?"

मी बटल्याच्या शेंगा सोलून मटार काढत होते. सोलत राहिले. मग सांगितलं. पोरं अशी हसली, अशी हसली की आनंदीबाई वाटी न घेताच आली. पण हसता हसता पूर्वाचा चेहरा बदलला. "चौदा दिवस राहिलेत, आजी. बोर्ड बदलला तर सगळं पहिल्यापासून. आणि पप्पांना आता कळलं ना तू बनवून सांगितलं, तर ते पट्टी पण परत घेतील आणि मला पण येऊ देणार नाहीत." डोळे भरले तिचे. हलव्याला हात लावला नाही.

माझ्या मजेखातर पोरीचं वर्ष जायचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसते रविवार मोजत होते.

पण तरी… दोघंही वाकले. हे मी इथे लिहून ठेवते. कुणी सांगितलं नव्हतं पट्टी बदला म्हणून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आनंदीबाई म्हणाली, खोटं बोललेलं देवाला पोचतं. म्हटलं, तुझी साखरेची वाटी पण पोचली असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

अंकुरची परीक्षा, तो आला नाही. पूर्वा एकटी. त्या अर्ध्या डब्याशेजारी बसून वहीत कावळा काढत होती. चोच उघडलेली, चोच मिटलेली, पंख वर, पंख खाली. एका सेकंदाला बारा कावळे लागतात! मी शेजारी बसून मेथी निवडली. जाताना पोर गळ्यात पडली.

अंकुरनं फोनवर रस्ता काढलाय. दोन्ही पट्ट्या परत करायच्या आणि चार नंबरची जोडी घ्यायची, एका पाकिटातली. बोर्ड बदलायची गरज नाही, नि एकट्या शामनंच परत बदलली असं पण नको. पण दोन्ही दुकानवाले म्हणतात, बिल ज्याच्या नावाचं तो माणूस समोर पाहिजे. म्हणजे शाम पण पाहिजे आणि देवेंद्र पण. बुधवारपर्यंतच बदलून मिळेल.

बुधवारी चंपाषष्ठी.

"आजी, टेन्शन नको घेऊ," अंकुर म्हणाला. "दोघांना अकराला बोलव. बाकी आपण बघून घेऊ." आपण म्हणजे मीच. त्याचा पेपर दहाला सुटतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी

सगळं क्रमानं लिहिते, नाही तर विसरेन.

शाम साडेदहाला आला, नेहमीसारखा. देवाजवळ बसून सुपारी पुसत होता. अकराला बेल वाजली. त्याला वाटलं बाबूराव आले तळीला, त्यानंच दार उघडलं. समोर देवेंद्र, मागे पूर्वा.

कुणी हलेना. मग देवेंद्र म्हणाला, "आई आहे का?"

शाम म्हणाला, "आईचंच घर आहे."

दोघं दिवाणाच्या दोन टोकांना बसले. मध्ये एवढी जागा की बारात बसावी. तेवढ्यात अंकुर पळत आला, कॉलेजची बॅग पाठीवरच. दोन्ही पट्ट्या पाटावर ठेवल्या. "ही पप्पांची, ही काकांची. दोन्ही परत, आणि एक जोडी. बस."

देवेंद्र भिंतीकडे बघून म्हणाला, "मी तर चार आणली होती. आता कोण चुकलं?"

"तू आईजवळ बोललास म्हणून बदलली मी," शाम म्हणाला. "दादाला मशिनीतलं जास्त कळतं म्हणालास ना?"

"मी? मी कधी म्हणालो? उलट तूच म्हणालास, देवेंद्रचं मन मोठं आहे."

"मी?"

दोघं वळले माझ्याकडे. माझ्या हातात भाजलेलं वांगं, अर्धं सोललेलं. मी म्हटलं, थांबा, हे गरम आहे. बोटं फुंकत बसले. पण किती फुंकणार? सांगून टाकलं. की तुम्ही नाही म्हणालात, मीच म्हणाले, दोघांच्याही तर्फे. आणि पोरीचं वर्ष गेलं तर ते पण माझ्याच डोक्यावर, तिला काही बोलू नका.

पूर्वा खाली बघून राहिली. मला वाटलं, गेलं. आता दोघं उठतील नि दोन बाजूंना जातील, आणि याच्यापुढे तळी दोनदा पण नाही.

देवेंद्रनं पाटावरची पट्टी उचलून खाच चाचपली. मग म्हणाला, "म्हणालो नव्हतो मी. पण खोटं नाही ते."

शामनं त्याच्याकडे बघितलं. मग बिल खिशात घातलं. "चल, तुझी गाडी काढ. माझी पंक्चर आहे."

पंक्चर नव्हती. मी खिडकीतून बघितलं ना! चांगली फुगलेली दोन्ही चाकं.

गेले ते गेलेच. बारा, एक, दीड! नैवेद्याचं ताट तयार, रोडगे गार, बाबूराव येऊन दोनदा पंचांग बघून गेले. मला वाटलं, रस्त्यातच भांडले. पावणेदोनला आले. अगदी गंभीर चेहरे. देवेंद्रच्या हातात पाकीट, त्याच्या मिशीत शेव, आणि शामच्या बोटांना पोह्यांवरचा जीरावन मसाला! पोहे खाऊन आले होते. दोघं मिळून. नैवेद्याच्या आधी! मी म्हटलं, लाजा नाही वाटत, देव उपाशी बसलाय? शाम म्हणतो, "देवाला पण आणायचे होते, पण दुकानदार म्हणाला, भिया, शेव संपली."

पत्रिकेचं काही बोलले की नाही, मी विचारलं नाही. पण शामनं माझ्यासमोर मंजुषाला फोन लावला, उभा राहून. "सौभाग्यवती मंजुषा देवेंद्र यांना आग्रहाचं निमंत्रण. सहकुटुंब, सहपरिवार यायचं. हे निमंत्रणपत्र समजावं." ती तिकडून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. वीस मिनिटांत आली. दह्याचा डबा घेऊन, नवीन साडी नेसून.

तळीला पाच पाहिजेत. शाम, देवेंद्र, अंकुर, बाबूराव — चार झाले. बाबूराव म्हणाले, पाचवा खालून बोलवू का? मी म्हटलं, पाचवी पूर्वा. कोण काय म्हणतं बघते. कुणी काही म्हटलं नाही. एका ताटाखाली सगळे हात. तीनदा वर. येळकोट येळकोट जय मल्हार! शामचा आवाज बापासारखा झालाय, मला आजच कळलं. मग देवेंद्रनं भंडारा उधळला, चांगली मूठ भरून, आणि अंकुर बोंबलत त्या उघड्या कंप्यूटरवर पालथा पडला. "काका! पंख्यात जाईल, पंख्यात!" पाठ सगळी पिवळी त्याची. हसून हसून मंजुषाला ठसका लागला.

जेवणं झाल्यावर बसवल्या. शामनं एक धरली, देवेंद्रनं एक, अंकुर बोट दाखवत होता. खाच उंचवट्यावर. दोन्ही टोकांना अंगठे. टक. टक. काय गोड आवाज!

पडद्यावर आकडा आला, बत्तीस. सोळा याची, सोळा त्याची. पूर्वानं फिल्म लावली. कावळा उडाला. पापड घेऊन, कौलावरून, थेट पलीकडे. एकदाही नाही लटकला.

देवेंद्रनं भरीत दुसऱ्यांदा मागून घेतलं. पोहे खाऊन आलेला माणूस!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अंग दुखतंय. पण मजा आली.

रविवार, ३० नोव्हेंबर

फिल्म कालच गेली, एक दिवस आधी. पूर्वा म्हणाली, आता जानेवारीत कळेल. मी म्हटलं, तुला नाही घेतलं तर घेतील कुणाला.

आज कंप्यूटर तिच्या घरी नेला. शामनं केलेल्या रिक्षात, मागच्या सीटवर, उशा लावून, बाळंतिणीसारखा. पूर्वानं तिथून फोन केला. "आजी, मोठे काका वर आले. पाणी प्यायले. मग चहा पण. मग पप्पांनी त्यांना बाल्कनीतला नळ दाखवला, तर आता दोघं नळ खोलून बसलेत."

देवघराच्या खोलीत चौकोनी जागा राहिलीये, तिच्या कडेनं थोडा भंडारा. अजून झाडली नाही. संध्याकाळी आनंदीबाई आली. खोका नाही, पोरं नाहीत, बघण्यासारखं काही नाही, तरी तासभर बसली. तिला साखर दिली. न मागता.

बुधवार, ३ डिसेंबर

शाम नि देवेंद्र दोघं आले, एका गाडीवर. माझ्या दोन बाजूंना बसले. एक वाक्य हा सुरू करी, तो पुरं करी, लहानपणी करायचे तसं. ऐकायला इतकं गोड वाटत होतं की काय म्हणताहेत ते मागून कळलं. आई, आता एकटी नाही राहायचं. सहा महिने दादाकडे, सहा महिने माझ्याकडे. हे घर बंद करू, मग बघू काय करायचं ते. तीन वर्षं कुणाकडे न्यायचं यावर दोघांचं बोलणंच होत नव्हतं. म्हणून मी माझ्या घरात होते. आता एकमत झालंय.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा टाकला. दोघांनी एकाच बशीतून खारी खाल्ली.

रविवारी सकाळी येतो म्हणाले, सामान बांधायला. सात तारखेला.